पोहण्याला गुण नव्हते

“पाणी आजही बर्फासारखं ठेवलंय मेल्यांनी. आमच्यातली एखादी गचकल्याशिवाय हीटर काही वाढवायचे नाहीत.”

हे बर्नीच्या कानापासून वीतभर अंतरावर कुणीतरी पुटपुटलं, आणि पाठोपाठ एक सुरकुतलेलं कोपर तिच्या बरगडीत बसलं. कोपराची मालकीण पोहण्याच्या कॉस्च्युमशी झटापट करत होती. “सॉरी हं पोरी,” ती म्हणाली, “हा मी बारीक असताना घेतला होता. तेव्हा माझा नवराही जिवंत होता.”

बर्नी कपडे बदलायच्या खोलीच्या भिंतीला चिकटून उभी राहिली आणि टॉवेल घट्ट गुंडाळून घेतला. आपण इथे का आलो आहोत, हे तिला स्वतःशी कबूल करतानाही लाज वाटत होती. कॉलेजच्या तलावावर सकाळी सात ते आठ ही गावातल्या म्हाताऱ्यांच्या पाण्यातल्या कवायतीची वेळ. त्या आठ जणी, सरासरी वय अठ्ठ्याहत्तर. आणि त्यांच्यात ही नववी, वय वीस, मेडिकलचा प्रवेश खिशात, कमरेएवढ्या पाण्यात दोन्ही हातांनी कठडा धरून. माणसाच्या शरीरात पाणी किती टक्के असतं, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पाण्यात पडल्यावर माणसाने काय करायचं, तेवढं येत नव्हतं.

त्याचं कारण साधं होतं. पोहण्याला गुण नव्हते.

बर्नडेट सोवका ज्याला गुण नाहीत असं काम करत नसे. शाळेत असतानाच तिने कॉलेजचे सात विषय उरकून ठेवले होते. कॉलेजात आल्यावर दर सत्रात इतर मुलं चार विषय घेत तिथे हिने पाच घेतले. दवाखान्यात डॉक्टरांच्या मागे मागे फिरण्याचे तास तिने वहीत टिपले, रक्तदान शिबिरात बिस्किटं वाटण्याचेसुद्धा टिपले. इतका हिशेब ठेवणाऱ्या मुलीला पहिल्या वर्षी एक कागद मिळाला होता: या कॉलेजची पदवी हवी असेल तर तलावात तीन फेऱ्या पोहून दाखवाव्या लागतील, वेळेचं बंधन नाही, तऱ्हेचं बंधन नाही, पाय मात्र टेकायचा नाही. शंभर वर्षांपूर्वी कुणा देणगीदाराचा मुलगा बुडाला म्हणून हा नियम, असं सांगत. बर्नीने कागद वाचला, त्यात गुण शोधले, सापडले नाहीत, आणि तो ‘नंतर’ लिहिलेल्या खोक्यात टाकला. त्या खोक्यात बऱ्याच गोष्टी होत्या. सूर्यग्रहण बघायला टेकडीवर जायचं आमंत्रण होतं, पहिल्या रूममेटच्या बहिणीच्या लग्नाचं होतं.

जानेवारीत मेडिकलचा प्रवेश मिळाला. सोबत पत्र होतं की तिचे एकूण विषय बघता ती यंदाच, म्हणजे तीन वर्षांतच, पदवी घेऊन ऑगस्टमध्ये येऊ शकते. किंवा कॉलेजचं चौथं वर्ष पुरं करून पुढच्या ऑगस्टमध्ये यावं, जागा राखून ठेवू. काय ते तीस एप्रिलला संध्याकाळी पाचपर्यंत कळवावं. फेब्रुवारीत कॉलेजच्या कार्यालयाचं पत्र आलं. त्यात तिचं अभिनंदन होतं आणि खाली एका ओळीत ‘पोहणे: अपूर्ण’ असं होतं. बाईंनी ऑरगॅनिक केमिस्ट्रीत पहिला नंबर काढला होता आणि अडकल्या होत्या कुठे, तर फुगवलेल्या बदकांच्या खात्यात.

तसं पाहिलं तर ही पळवाट होती. पोहता आलं नाही तर चौथं वर्ष आपोआपच करावं लागलं असतं, ठरवायचा प्रश्नच नव्हता. पण बर्नीला कुठल्याही परीक्षेत नापास व्हायचं म्हटलं की अंगावर पित्त उठायचं. शिवाय तिला जायचंच होतं, लवकर. असं ती सगळ्यांना सांगत होती.

कारणं भरपूर होती आणि सगळी चांगली होती. आईचं, म्हणजे डिनीसचं, म्हणणं होतं की एका वर्षाची फी वाचते. वडील, गॅरी, लोकांच्या तळघरातले बॉयलर दुरुस्त करायचे. त्यांचं म्हणणं, एवीतेवी दहा वर्षं शिकायचंच आहे, तर एक वर्ष अलीकडून सुरू केलेलं बरं. मेडिकलला जाणाऱ्या मुलांचे सल्लागार मिस्टर ऑटिंजर म्हणाले की निर्णय तिचाच आहे, पण चौथ्या वर्षात मुलांना अभ्यासापलीकडचं पुष्कळ, म्हणजे आपल्या वयाच्या लोकांबरोबर, म्हणजे… आणि मग त्यांनी चॉकलेटचा वाडगा पुढे सरकवला. बर्नीने एक घेतलं. तिने स्वतः एक तक्ता केला होता. डाव्या बाजूला ‘तीन’, उजव्या बाजूला ‘चार’, प्रत्येक मुद्द्याला दहापैकी गुण. तीनला एकाहत्तर पडले, चारला चौसष्ट. उजवीकडे ‘मैत्रिणी’ असा एक मुद्दा लिहिलेला होता आणि त्यापुढचा चौकोन कोरा होता. शून्य लिहिलं तर ते बेरजेत दिसलं असतं.

त्यातून तिला मुलाखत आठवली की कानशिलं तापायची. मेडिकलच्या मुलाखतीसाठी तिने एकशे वीस प्रश्नांची उत्तरं पाठ केली होती. चौऱ्याऐंशीवा प्रश्न होता, मौज म्हणून तुम्ही काय करता? तो नेमका विचारला गेला, आणि तिने बिनदिक्कत सांगितलं, मैत्रिणींसाठी पाव भाजते. समोरच्या बाई खूश. त्यांनी विचारलं, मग मैत्रिणींना कुठला आवडतो? बर्नीने दोन मैत्रिणी जागच्या जागी घडवल्या, एकीला राय नावाच्या धान्याचा पाव आवडत होता, दुसरीला मनुकांचा. रायवालीला तर तिने गव्हाची ॲलर्जीही देऊन टाकली. वास्तविक तिने आयुष्यात एकदाच पाव भाजला होता, दुसऱ्या वर्षी, हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात. तो पुढचे चार दिवस तिने एकटीने खाल्ला, शेवटचे दोन दिवस सूपमध्ये बुडवून.

तर अशी ही मुलगी मार्चपासून रोज सकाळी सातला तलावावर येऊ लागली. नवशिक्यांचा वर्ग तिच्या प्रयोगशाळेच्या वेळेत होता, म्हणून कोच वँडाने तिला म्हाताऱ्यांच्या कवायतीत उथळ बाजूला घेतलं. वँडाबाई पन्नाशीच्या, गळ्यात शिट्टी, आवाज असा की शिट्टीची गरज नव्हती. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं, तोंड पाण्यात घाल आणि बुडबुडे काढ. बर्नीने विचारलं, किती? वँडाबाई म्हणाल्या, “तुला कंटाळा येईपर्यंत.” बर्नीने साठ काढले. कंटाळा कसा मोजायचा, ते तिला माहीत नव्हतं.

कॉस्च्युमवाल्या बाईंचं नाव फ्लॉसी. शाळेच्या खानावळीत चाळीस वर्षं डाव धरून निवृत्त झालेल्या. पाण्याच्या तापमानापासून देवापर्यंत कशाबद्दलही त्यांची तक्रार असे, आणि तक्रार करताना त्या बेडकासारख्या सहज तरंगत. बर्नी तिसऱ्या दिवशी तोल जाऊन कमरेएवढ्या पाण्यात बुडायला लागली, तेव्हा फ्लॉसीने तिला खांद्याला धरून उभं केलं आणि “डॉक्टरीणबाई, इथे बुडायचं असेल तर गुडघे टेकावे लागतात,” एवढं म्हणून पुन्हा कवायत सुरू केली. तेव्हापासून आठही जणी तिला डॉक्टरीणबाई म्हणू लागल्या. एकीने गुडघा दाखवला, दुसरीने जीभ. बर्नीने जिवाच्या आकांताने सांगितलं की मी अजून डॉक्टर नाही, मला अजून बुडबुडेच येतात.

कवायत संपली की सगळ्या तलावाबाहेरच्या बाकांवर ओल्या केसांनी बसत, थर्मासमधली कॉफी आणि डोनट. पहिल्या आठवड्यात बर्नी निघून जायची, वर्गाला चाळीस मिनिटं असली तरी. दुसऱ्या आठवड्यात फ्लॉसीने तिच्या बॅगेचा पट्टा धरला आणि म्हणाली बस. ती बसली. बोलण्यात काही अर्थ नसे: कुणाच्या सुनेने पडदे कुठल्या रंगाचे लावले, कुणाच्या मांजराने काय ओकलं. बर्नीच्या लक्षात आलं की आपण घड्याळ बघितलेलं नाही. तिला थोडी भीतीच वाटली.

एकदा फ्लॉसी डोनट मोडता मोडता म्हणाली, “तुझ्या वयाच्या पोरी या वेळी अंथरुणात लोळत असतात, नाहीतर घोळक्याने कुठेतरी खिदळत असतात. तू रोज आमच्याबरोबर बसतेस. तुझं इथे कुणी…” शेजारच्या रूथबाईंनी तिच्या मांडीवर चापट मारली. फ्लॉसीने डोनट तोंडात कोंबला. “कॉफी घे,” रूथबाई म्हणाल्या, “गार होतेय.” कॉफी थर्मासमध्ये होती आणि चांगली वाफाळत होती.

मार्चच्या मधल्या सुट्टीत ती घरी गेली. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाचे दिवस, शुक्रवारी चर्चच्या तळघरात पिएरोगी, म्हणजे उकळून करायच्या बटाट्याच्या करंज्या, विकायला करत होते. लांब टेबलाभोवती बायका बसलेल्या, मधे उकडलेल्या बटाट्याचं पातेलं, सगळ्यांचे हात कडा दाबण्यात. डिनीसने पोरगी तीन वर्षांत कॉलेज संपवते आहे ही बातमी त्या टेबलावर आधीच सहा शुक्रवार पुरवली होती. बर्नी आल्यावर ती पुन्हा वाढली, गरम करून. सगळ्यांनी कौतुक केलं. मग मिसेस डूडांनी अगदी प्रेमाने विचारलं, “पण तिकडच्या मैत्रिणींना किती वाईट वाटेल गं? एक वर्ष आधीच निघालीस की…”

बर्नीने तोंड उघडलं. त्याआधीच डिनीस म्हणाली, “अहो मिसेस डूडा, हल्ली फोन असतात ना,” आणि पलीकडच्या बाईंना बटाट्याचं पातेलं सरकवायला सांगितलं. पातेलं तिच्या कोपराशीच होतं. मायलेकी पुढची दहा मिनिटं मान खाली घालून कडा दाबत राहिल्या. त्या डझनातली एकही पिएरोगी नंतर उकळताना फुटली नाही.

घरी परतताना गाडीत डिनीसने हॉस्टेलच्या जेवणाची चौकशी केली. कुणाबरोबर जेवतेस, हे तिने तीन वर्षांत एकदाच विचारलं होतं, पहिल्या वर्षी, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत. तेव्हा बर्नीने इतक्या उत्साहाने इतकी नावं घेतली होती की डिनीसने पुन्हा विचारलं नाही. ती नावं प्रयोगशाळेच्या दारावरच्या यादीतली होती, अकारविल्हे. डिनीसला ते कळलं होतं की नाही, बर्नीला माहीत नव्हतं. हे काही खरं नाही. माहीत होतं.

एप्रिलमध्ये तिला पोहता येऊ लागलं. म्हणजे ती बुडेनाशी झाली. वँडाबाईंच्या मते ती पोहत नव्हती, पाण्याशी वाद घालत होती, पण वाद जिंकत होती. परीक्षा तीस तारखेलाच, शनिवारी सकाळी. आईवडिलांना तिने बजावून सांगितलं होतं की येऊ नका, तीन फेऱ्यांची परीक्षा, त्यात बघण्यासारखं काय.

त्या कॉलेजात या शेवटच्या परीक्षेची एक जत्रा होते, हे बिचारीला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण कोण सांगणार? चार वर्षं टाळाटाळ केलेली मुलं त्या दिवशी तलावात उतरतात आणि त्यांची मित्रमंडळी कठड्यावर गोळा होते. पाट्या असतात, पिपाण्या असतात. कुणी जीवरक्षकाच्या वेशात येतं, कुणी पाद्र्याच्या. प्रत्येकाचा टॉवेल धरून एक जण फेरीच्या टोकाला उभा राहतो, तो मान मानाचा समजतात. बर्नी लाल टोपी घालून रांगेत उभी राहिली. पुढच्या मुलासाठी अकरा जण आले होते, तिने मोजले. वँडाबाईंनी यादीवरून मान वर करून विचारलं, टॉवेल कुणाकडे?

बर्नीने इकडेतिकडे बघितलं, जणू तिची मंडळी जरा उशिरा येणार होती. एवढ्यात मागून आवाज आला, “माझ्याकडे आहे गं वँडा, किती वेळ उभी करणार आहेस पोरीला?” फ्लॉसी होती. मागे सातही जणी, शनिवारचे ठेवणीतले कपडे घालून. रूथबाईंच्या हातात पुठ्ठा होता, त्यावर ‘डॉक्टरीणबाई’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, शेवटची अक्षरं न मावल्यामुळे बारीक. आणि त्यांच्याही मागे, पायांत निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवलेले, चर्चला जायच्या सदऱ्यातले गॅरी आणि कॅमेरा घेतलेली डिनीस. तीन तास गाडी चालवून आले होते. गॅरीने हात हलवला आणि तलावाच्या हीटरच्या पाइपकडे बघायला लागला.

पहिली फेरी बर्नी हातपाय चारी दिशांना फेकत गेली. दुसरी तिने पाठीवर केली, आणि छताकडे बघता बघता इतकी वाकडी गेली की दोरीला जाऊन भिडली. तिसऱ्या फेरीच्या मध्यावर दम संपला. पाय खाली लोंबायला लागले, तळ जवळच होता. तेव्हा तिला आवाज ऐकू आला. आठ म्हाताऱ्या तिचं नाव घेऊन ओरडत होत्या. ते ऐकून शेजारच्या मुलाची अकरा माणसंही ओरडायला लागली, बर्नी कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण नाव ओरडायला सोपं होतं. या आवारात तीन वर्षांत तिचं नाव कुणी इतक्या मोठ्याने घेतलं नव्हतं, हजेरी धरूनसुद्धा. ती पाणी प्याली, खोकली, आणि भिंतीला हात लावला.

फ्लॉसीने तिच्या अंगावर टॉवेल टाकला आणि पाणी थंड होतं ना, मी सांगत होते, अशी दाद मागितली. शेजारच्या टोळीतली एक उंच मुलगी, डोक्यावर बदकाची टोपी, जवळ आली. म्हणाली, “तू बर्नडेट ना? ऑरगॅनिकला वर्षभर माझ्या मागे बसायचीस. मी इमोजन. तुला कितीदा विचारणार होते, अभ्यासाला बसू या का म्हणून. पण तू नेहमी गाडी चुकणार असल्यासारखी दिसायचीस.” तीही तिसऱ्याच वर्षाला होती, भावाच्या परीक्षेसाठी आली होती. पुढच्या वर्षी एक घर भाड्याने घेतोय आम्ही, तळ्याकडे, बघायला ये, असं सहज सांगून ती भावाकडे गेली. बर्नी ‘हो’ म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं की आपण पुढच्या वर्षी इथे नाही.

डिनीसने लांबून सगळं बघितलं होतं. ती कोण गं, तिने विचारलं, फार सहजपणे. ऑरगॅनिकमधली, बर्नी म्हणाली. गोड आहे हो, डिनीस म्हणाली. गाडीपर्यंत जाताना ती हे आणखी दोनदा म्हणाली.

गावातल्या एका छोट्या हॉटेलात ते जेवायला बसले. गॅरीने पॅनकेक मागवले, डिनीसने सूप, बर्नीने चीज सँडविच. केसांना क्लोरिनचा वास येत होता. गॅरी म्हणाला, शेवटचा काटाही निघाला, आता पदवी हातात. डिनीसने फोटो दाखवले; एकातही चेहरा नव्हता, नुसता फेस आणि एक लाल टोपी. मग ती म्हणाली की पाचला अजून वेळ आहे, पण उगाच शेवटपर्यंत कशाला थांबायचं, कळवून टाक ना मेडिकलला.

बर्नीने फोन काढला. पानावर दोन गोल होते, यंदाचा ऑगस्ट, पुढचा ऑगस्ट. तिने तक्ता आठवून बघितला, एकाहत्तर आणि चौसष्ट. तो कोरा चौकोन आठवला. तिने दुसऱ्या गोलावर बोट दाबलं, ‘पाठवा’वर दाबलं, आणि फोन टेबलावर आईच्या बाजूला वळवून ठेवला.

डिनीसने चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं. फोन गॅरीकडे सरकवला. सूपची वाटी बाजूला केली.

“चुकून दाबलंस का?”

“नाही.”

“मग दोन महिने पहाटे उठून पोहलीस कशाला?”

गॅरी म्हणाला की पोरीला जरा विश्रांती हवी असेल, त्यात काय. डिनीस लगेच म्हणाली, हो, नाहीतर त्या प्राध्यापकांकडे संशोधनाचं काम मिळालं असेल, मेडिकलवाले असल्या गोष्टींना फार मानतात म्हणे. मी मिसेस डूडांना तसंच सांगेन. संशोधनच ना? तिने इतक्या आशेने विचारलं की बर्नीच्या तोंडात उत्तर तयार झालंसुद्धा: प्रोटीन, दोन सत्रं, शिफारसपत्र. पाठ केल्यासारखं सुरेख उत्तर. नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी तिघांचं जेवण आनंदात झालं असतं.

तिने सँडविच खाली ठेवलं.

“संशोधन वगैरे काही नाही, मॉम. तीन वर्षांत मला इथे एकही मैत्रीण मिळाली नाही. एकही नाही. रोज एकटी जेवते, आणि तुम्हा दोघांना ते माहीत आहे. मला मेडिकलची घाई कधीच नव्हती. मला इथून पळायचं होतं.”